आमच्या पैलवानाचा खुराक

आमच्या बोक्याचं नाव पैलवान. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बोका पाळल्यावर दुसरं काय नाव ठेवणार? खुराकही नावाला साजेसा होता. सकाळी गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात कुस्करलेली चपाती, आणि रविवारी पांढऱ्या रश्श्यातलं मटण. तो गोल होत गेला तसं आम्हाला कौतुकच वाटायचं. अधूनमधून पोट बिघडायचं, ते आम्ही उन्हावर ढकलायचो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो रेतीच्या ट्रेमध्ये दहादा जाऊन बसला. थेंबही नाही, नुसतं ओरडणं. बद्धकोष्ठ समजून मी एरंडेल शोधत होतो, हे सांगायला आजही लाज वाटते. सकाळी डॉक्टरांनी पोट चाचपलं. "लघवी तुंबलीय. अजून एक दिवस काढला असता तर हाताला लागला नसता." बोक्याची मूत्रनळी मुळात अरुंद, त्यात याचं पाणी पिणं कमी आणि वजन जास्त. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाईन चाललं.

मग खुराकाची चौकशी झाली. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं आणि डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि रश्श्यातला कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. बरं, नुसतं उकडलेलं चिकनही रोज पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम फारच कमी. शेवटी त्यांनी लघवीच्या त्रासावरचं ओलं खाद्य लिहून दिलं.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "तालमीच्या शेजारी राहतोय आणि दूध बंद?" पैलवानाचंही तेच मत होतं. त्यानं नवं खाद्य हुंगलं आणि वाटीवर माती ओढल्यासारखा पंजा फिरवून निघून गेला. उपाशी राहिला की ताळ्यावर येईल, असं मला वाटलं. फोनवर डॉक्टरांनी झापलं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. म्हणून मग दोन चमचे नवं खाद्य थोडं कोमट करून, त्यात बिनमिठाच्या चिकनचे बारीक तुकडे. रोज चिकन थोडं कमी, खाद्य थोडं जास्त. दहा दिवस म्हणाले होते, आम्हाला तीन आठवडे लागले. पाण्याची वाटी जेवणापासून लांब, खिडकीत ठेवली, तेव्हापासून तो पाणीही जास्त प्यायला लागला. हे कुणी आधी का नाही सांगितलं!

वजनासाठी आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. सुरुवातीला ६.८ किलो होता, आता ५.७. घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

रविवारी मटणाला मीठ-हळद लावायच्या आधीच आई दोन बारके तुकडे बाजूला काढते. वडील मात्र पेल्यातलं दूध पिताना अजून त्याच्याकडे पाठ करून बसतात.