तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी तोच पक्ष का?

"तुम्ही एवढ्या वाचणाऱ्या, तरी दर वेळी त्याच पक्षाला मत कसं देता?" निवडणूक आली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याने उत्तर बहुधा मनाशी ठरवलेलं असतं: घरचं वळण, काहीतरी फायदा, नाहीतर डोळ्यांवर झापड.

पूर्वी मी कारणं सांगायचे. शिक्षणाचं धोरण, महागाई, नेतृत्व. माझा दादा पक्का दुसऱ्या पक्षाचा. त्याने एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण हे धोरण आलं, तोवर तुझं दोनदा मत देऊन झालं होतं ना?" हिशेब बरोबर होता. मी गप्प बसले.

मग मागे जाऊन पाहिलं. बाबा गेल्यावर आईच्या पेन्शनची फाईल एका कचेरीत अडकली होती. पक्षाचे एक कार्यकर्ते तिच्याबरोबर दिवसभर बाकावर बसले. गुडघ्यावर वही धरून अर्ज लिहिला, प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली, मगच सही घेतली. निवडणूक तेव्हा आसपासही नव्हती. मतदान केंद्रात अजून मला ती वही आठवते. बाकीची कारणं खरी आहेत, पण मागाहून गोळा झालेली. या पक्षाने मला मान खाली घालायलाही लावली आहे. एकदा मी मत द्यायला गेलेच नाही, पण दुसऱ्या पक्षाला मत देणं काही जमलं नाही.

१९४० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी काउंटीत, समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी मे ते नोव्हेंबर त्याच त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटले. प्रचाराने पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांचा २००३ सालचा प्रयोग तर मला फार लागला. कल्याणकारी योजना आपल्या पक्षाची आहे म्हटलं की लोक तिला पाठिंबा देत, मग ती त्यांच्या एरवीच्या विचारांशी जुळो वा न जुळो. विचारलं तर म्हणत, आम्ही योजनेतला मजकूर पाहून ठरवलं. पक्षाकडे बघून ठरवतात ते इतर, त्यातही विरोधक!

मीही दादाबद्दल हेच धरून चालले होते. तो धंद्यातला, म्हणजे कर कमी होतो म्हणून तिकडे. शेवटी या वेळी त्याला सरळ विचारलं.

"कर? उलट वाढलाय माझा," तो म्हणाला. "त्यांच्या उमेदवाराला मी भर सभेत एक अडचणीचा प्रश्न विचारला होता. मला माहीत नाही, बघून सांगतो, म्हणाले. आठवड्याने खरंच फोन आला."

"काय सांगितलं?"

"तुमचं नुकसान होणार आहे, असं सांगितलं."