लॉगिन होते, मग फाईल का जात नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. फोंड्यातला एखादा छापखाना असो, म्हापशातले सीएचे कार्यालय असो की चवथ जवळ आली की विशेषांकाची पाने पाठवण्याच्या घाईत असलेले संपादक असोत, माझ्याकडे येणारा प्रश्न एकच असतो: सर्व्हरवर लॉगिन व्यवस्थित होते, कमांडही चालतात, मग फाईल चढवायला घेतली की ती का अडकते? लॉगिन झाले म्हणजे वाट मोकळी आहे आणि दोष सर्व्हरचाच असणार, असे विचारणाऱ्याने मनाशी ठरवलेले असते. मला ते पटत नाही. लॉगिन झाल्यावरून एवढेच कळते की तुमची ओळख पटली आहे आणि थोडीशी अक्षरे इकडून तिकडे जाऊ शकतात. फाईल पाठवायला याहून बरेच काही लागते, आणि बहुतेक वेळा दोष त्या जास्तीच्या भागातच सापडतो.

ज्यांचे लॉगिनच होत नाही, त्यांच्याविषयी आधी थोडक्यात सांगते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे आले तर समोरून उत्तर मिळाले आहे, पण ते नकाराचे आहे. एसएसएचची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करू देणारी सेवा बंद असेल किंवा ती नेहमीचा २२ क्रमांकाचा पोर्ट (सेवेचे दार) सोडून दुसऱ्या पोर्टवर चालू असेल. 'टाइम्ड आउट' आले तर उत्तरच मिळालेले नाही, म्हणजे पत्ता चुकला आहे, मशीन बंद आहे किंवा मधली फायरवॉल (वाटेवरची राखणदार यंत्रणा) पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, मुकाट्याने टाकून देते आहे. 'परमिशन डिनाइड' आले तर मात्र इंटरनेटवाल्याला फोन करू नका, कारण तुम्ही सर्व्हरपर्यंत पोहोचलेले आहात. की-फाईल (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल) बरोबर असूनही नकार येत असेल, तर कोणीतरी सोय म्हणून होम डिरेक्टरीला ७७७ परवानगी, म्हणजे कोणालाही लिहिण्याची मुभा, देऊन ठेवली आहे का, ते पाहावे. ज्या डिरेक्टरीत इतरांनाही लिहिता येते तिथल्या कीवर ओपन-एसएसएच हा एसएसएचचा प्रचलित प्रोग्राम मुद्दामच विश्वास ठेवत नाही, आणि त्याचे कारण तुम्हाला न सांगता स्वतःच्या लॉगमध्ये नोंदवते. वापरणाऱ्याला ते त्रासाचे वाटते. मला ते योग्यच वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लॉगिन केल्यावर सर्व्हरकडून येणारा मजकूर माणूस वाचतो, त्यामुळे मध्ये चार ओळी जास्त आल्या तरी काही बिघडत नाही. एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचवरून फाईल नेण्याच्या पद्धतीने, फाईल पाठवताना मात्र दोन प्रोग्राम ठरलेल्या साच्यात एकमेकांशी बोलत असतात, आणि प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीच्या चार बाइटांत त्या संदेशाची लांबी लिहिलेली असते. अशा वेळी कोणा उत्साही माणसाने आपल्या बॅश-आरसी फाईलमध्ये (कमांड चालवणारा बॅश हा प्रोग्राम सुरू होताना ती वाचतो) स्वागताची एक ओळ छापण्याची कमांड लिहून ठेवली असेल, तर ती ओळ त्या संभाषणाच्या आरंभीच घुसते. मग 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग' असा संदेश येतो आणि त्यापुढे एक अवाढव्य आकडा दिसतो.

तो आकडा पाहून लोक घाबरतात, पण निदान त्यातच असते. तिथे १४६६२६४६७५ दिसले तर स्वागताची ओळ इंग्रजी 'वेलकम'ने सुरू होते असे समजावे: त्या शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांचे क्रमांक ८७, १०१, १०८ आणि ९९ आहेत, आणि ते चार बाइट सलग एक संख्या म्हणून वाचले की हाच आकडा मिळतो. क्लायंट, म्हणजे तुमच्या मशीनवरचा प्रोग्राम, बिचारा जवळजवळ दीड अब्ज बाइटांचा संदेश येणार असे समजतो, आणि त्याची मर्यादा २५६ किलोबाइटांची असल्यामुळे थांबतो. स्वागत युनिकोड मराठीत 'नमस्कार'ने केलेले असेल तर आकडा ३७६८८८७५२० असा येईल. तपासणी अगदी सोपी आहे. एसएसएचने सर्व्हरवर फक्त 'ट्रू' ही काहीच न छापणारी कमांड चालवून पाहावी. पडद्यावर एकही अक्षर उमटता कामा नये. उमटले, तर ती ओळ बॅश-आरसीमधून काढून बॅश-प्रोफाइलमध्ये न्यावी, कारण ती फाईल फक्त लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

याच्या जवळचाच आणखी एक प्रकार आहे. ओपन-एसएसएचची ९.० ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि तेव्हापासून एससीपी ही फाईल कॉपी करण्याची कमांडसुद्धा आतून एसएफटीपीच वापरते. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेली एखादी स्क्रिप्ट लॅपटॉप बदलल्यावर अचानक बंद पडते, आणि लॉगिन मात्र पूर्वीसारखेच होत राहते. समोर एसएफटीपी नसलेला जुना सर्व्हर असेल तर एससीपीला कॅपिटल 'ओ'चा पर्याय देऊन जुनी पद्धत वापरता येते.

दुसरा रोग ओळखायला कठीण, कारण त्यात संदेश काहीच येत नाही. सत्तरी तालुक्यातल्या घरून व्हीपीएनवर (कार्यालयाच्या जाळ्याशी खासगी जोडणीने) काम करणाऱ्याची छोटी फाईल जाते, मोठी फाईल थोडी सरकून थांबते, आणि लांबलचक यादी मागवली की पडदा गोठतो. इथे शंका पॅकेटच्या आकाराची घ्यावी. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटांची मर्यादा असते. घरचा राउटर पीपीपीओईने (लॉगिन करून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीने) जोडलेला असेल तर ८ बाइट त्यात जातात आणि १४९२ उरतात. व्हीपीएनचे वेष्टन आणखी काही खाते. पॅकेट मोठे झाले तर मधल्या राउटरने आयसीएमपी संदेश, म्हणजे जाळ्यातल्या अडचणींचा निरोप, पाठवून तसे कळवायचे असते. सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेली फायरवॉल वाटेत असली, की तो निरोप पोहोचत नाही आणि पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. असे सरसकट बंद करणाऱ्यांना काय म्हणावे, ते इथे लिहिण्याजोगे नाही. लॉगिनची पॅकेटे लहान असल्यामुळे ती सुखरूप जातात.

हे तपासायला पॅकेट तोडू नये अशी अट घालून १४७२ बाइटांचा पिंग (समोरचे मशीन उत्तर देते का ते पाहणारे पॅकेट) करावा. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. तो जात नसेल आणि १४०० चा जात असेल, तर आपल्या मशीनवर एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) तात्पुरता १४०० करून तीच फाईल पुन्हा पाठवावी. ती गेली तर निदान पक्के झाले. कायमचा उपाय राउटरवर किंवा व्हीपीएनच्या सेटिंगमध्येच करायचा असतो.

पावसाळ्यात जोडण्या तुटतात त्याविषयी फार लिहीत नाही. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याला नवा पत्ता मिळाला की जुनी जोडणी वाचत नाही. म्हणून लांबणारे काम सर्व्हरवर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवावे आणि मोठी फाईल आर-सिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने, अर्धवट भाग राखून ठेवण्याचा पर्याय देऊन पाठवावी. चहाला उठून आल्यावर सेशन मेलेले दिसत असेल तर कारण वेगळे असते: मधल्या राउटरने निष्क्रिय जोडणीची नोंद पुसलेली असते. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० ठेवले की बहुधा भागते. आणि सेव्ह करण्याच्या सवयीने कंट्रोल-एस दाबले गेले असेल तर सेशन मेलेले नाही, नुसते थांबले आहे, कंट्रोल-क्यू दाबावे.

शेवटचा प्रकार मराठीत काम करणाऱ्यांनाच अधिक भोवतो. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमवर फाईलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, अक्षरांची नव्हे. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. 'स्त्री' हे एवढेसे अक्षर १८ बाइट खाते. म्हणजे नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात. विंडोजचा हिशेब वेगळा असल्यामुळे लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव आणि 'अंतिम सुधारित' असे सगळे लिहिलेली फाईल तिथे सुखाने नांदते, आणि सर्व्हरवर 'फाईल नेम टू लाँग' म्हणून नाकारली जाते.

यापुढे विचारताना 'जात नाही' एवढेच लिहू नका. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, फाईलचे नाव आणि आकार, आणि तुम्ही घरच्या जोडणीवर आहात की कार्यालयातल्या, हे पाठवा. संदेशच नसेल तर एसएफटीपीला 'व्ही' पर्याय तीनदा देऊन जे उमटेल त्याच्या शेवटच्या वीसेक ओळी पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका. या कामाला तो लागत नाही.