माजुलीत नामघर उभारायला जायचं असेल तर

माजुलीला, म्हणजे आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या बेटावर, जायचं तर रासपौर्णिमेला, असं सगळे सांगतात. सत्रांमधली, म्हणजे तिथल्या वैष्णव मठांमधली रासलीला, मुखवटे, रात्रभर चालणारे भाओना नावाचे नाट्यप्रयोग बघायचे असतील तर ते खरंच आहे. पण हातानं काही काम करायचं असेल तर माघ बिहू, म्हणजे तिथली संक्रांत, उलटल्यावर जा. ब्रह्मपुत्रा उतरलेली असते, भात घरात आलेलं असतं आणि गावाला सवड असते. आम्ही याच दिवसांत एका गावाचं नामघर पुन्हा उभं करायला गेलो होतो. पुन्हा, कारण आधीचं नदीनं नेलं होतं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं पाहुण्यांना उतरवून घेण्याजोगी घरं फार थोडी आहेत आणि हे वाचून पंधरा जणांची बस तिथं थडकली तर त्यांची पंचाईत होईल. जोरहाटला नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाच्या सहकाऱ्याचं ते गाव. आम्ही चौघं गेलो. मी आणि नवरा चिपळूणचे, आणि पुण्याचं एक मित्रजोडपं. नवऱ्याची हयात बांधकामावर सुपरवायझर म्हणून गेली. मला कुडाच्या भिंती लिंपता येतात, आजीनं शिकवलेलं. बाकी दोघांकडे उत्साह होता.

नामघर म्हणजे काय ते आधी सांगते. श्रीमंत शंकरदेवांनी (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी आसामात जो नामधर्म रुजवला, त्याचं हे गावोगावचं घर. लांबट सभामंडप, पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या टोकाला मणिकूट नावाची छोटी खोली आणि तिथं लाकडी सिंहासन, म्हणजे गुरुआसन. त्यावर मूर्ती नसते, पोथी असते. मंडपात नाम-प्रसंग म्हणजे सामूहिक नामगायन होतं, भाओना होतात, गावाची बैठक बसते, भांडणंही तिथंच मिटतात. गावकीचं देऊळ, चावडी आणि नाट्यगृह एकाच छपराखाली, असं समजा. सत्र वेगळं. तो मठ. तिथं सत्राधिकार म्हणजे मठाधिपती असतात, भकत म्हणजे मठवासी शिष्य राहतात. औनिआटी, दक्षिणपाट, गरमूर, कमलाबारी ही मोठी सत्रं. नामघर मात्र गावाचं, गावानं बांधलेलं.

आणि नदी. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानं ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळानं वर आलं आणि तेव्हापासून बेटाची धूप वाढत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजार-बाराशे चौरस किलोमीटर असलेलं माजुली आता त्याच्या निम्म्याहूनही कमी उरलंय. २०१६ साली त्याला जिल्ह्याचा दर्जा मिळाला, नदीतल्या बेटाचा देशातला पहिला जिल्हा. पण काठावरची गावं मागे सरकतच राहतात. चिपळूणमध्ये २००५ आणि २०२१ चे पूर पाहिलेत, त्यामुळे घरात पाणी येणं मला ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर चिखल काढता येतो. इथं पाणी ओसरल्यावर खालची जमीनच नसते. त्यामुळे गाव हललं की नामघरही हलतं आणि गावकरी त्याचं फार दुःख करत बसत नाहीत. सिंहासन, पोथ्या, डबा नावाचा मोठा ढोल आणि काढता येण्याजोगं लाकूड होडीत घालायचं, नव्या जागी जोतं घालायचं.

आता पोचायचं कसं. मुंबईहून रेल्वेनं गुवाहाटी म्हणजे दोन दिवसांहून जास्तच, पुढे जोरहाट. गुवाहाटीहून जोरहाट टाउनला जनशताब्दी आहे. नाहीतर मरियानी जंक्शनला उतरून रिक्षा. जोरहाटला विमानतळही आहे. तिथून निमाती घाट चौदा-पंधरा किलोमीटर आणि मग फेरीबोट. पलीकडे कमलाबारीचा घाट. पाण्याच्या पातळीनुसार तास-दीड तास लागतो. जोरहाट-माजुली पुलाचं भूमिपूजन २०२१ मध्ये झालंय, पण आम्हाला तरी पाण्यातूनच जावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात निमातीजवळ दोन बोटींची टक्कर झाली होती. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. स्थानिक घालत नाहीत म्हणून लाजू नका. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, फेऱ्या उशिरा सुटतात. पाणी खाली गेल्यामुळे घाट वाळूत पुढे सरकलेला असतो, तेव्हा चाकांची बॅग नको, पाठीवरची घ्या. शेवटची फेरी दुपारीच सुटते. ती चुकली तर रात्र जोरहाटात. परतीचं विमान किंवा गाडी बेट सोडाल त्या दिवसाची काढू नका, मध्ये एक मुक्काम ठेवाच.

दिवस लवकर मावळतो हेही लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण जानेवारीत साडेचार-पाचला अंधारतं. काम पहाटे सुरू होतं. पुण्याच्या मित्राला आठला चहा लागायचा. तोवर गावानं निम्मी पाळी उरकलेली असायची.

कामातलं मोठं काम म्हणजे जोतं. बाहेरून येणाऱ्याचा खरा उपयोगही तिथंच. छप्पर, कैच्या, कोरीव काम यात आपण लुडबूड करू नये, त्यांचे सुतार आपल्याहून फार पुढे आहेत. माती वाहायला मात्र कितीही हात पुरत नाहीत. जोत्याची उंची कोणी ठरवली? गावातल्या सगळ्यांत वयस्क आजोबांनी, त्यांना सगळे कोका म्हणत. ते सुपारीच्या झाडापाशी गेले आणि खोडावरची गाळाची जुनी रेघ दाखवली. तिच्यावर हातभर. नवऱ्यानं लेव्हल ट्यूब काढून ती उंची खुंट्यांवर उतरवली, तेवढंच त्याचं शास्त्र कामी आलं. माती शेजारी तळं खणून काढली. म्हणजे भरावही होतो आणि गावाला तळंही मिळतं. पुरुष खणत, कावडीनं वाहत. बायका डोक्यावरून. वितभर थर टाकायचा, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, धुमसानं चोपायचं, मग पुढचा थर. इथली माती म्हणजे नदीचा बारीक गाळ. नुसता ढीग रचला तर पहिल्या पावसात खचतो. आमच्यापैकी एकानं जेसीबी भाड्यानं आणू या असं सुचवलं. सुचवायला हरकत नव्हती, पण जेसीबी येतो फेरीनं, त्याचं भाडं पत्र्यांच्या पैशातून गेलं असतं. शिवाय घरटी एक माणूस कामाला येणं हा तिथल्या हिशेबाचाच भाग आहे. कोण आलं, कोण नाही, हे नामघराच्या समितीच्या वहीत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. आमचीही नावं त्या वहीत होती.

बांबूचं एक सांगते. भिंतींसाठी ‘जाती’ नावाचा बांबू, जाड कामाला ‘भलुका’. हिवाळ्यात तोडतात आणि बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे भुंगा लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या दुसऱ्या तळ्यात आधीच बांबू पडलेले होते. म्हणजे तुम्ही पोचायच्या कितीतरी आधी काम सुरू झालेलं असतं. ‘आम्ही येऊन नामघर बांधलं’ असं सांगत फिरू नये.

खांब आता सिमेंटचे घालतात. वाळू बेटावर हवी तेवढी. सिमेंट, सळई, खडी फेरीनं येते आणि प्रत्येक पोत्याला वाहतुकीचा भुर्दंड पडतो. वर लाकडी कैच्या आणि पत्रे. हा सगळा पट्टा भूकंपाचा, म्हणून डोक्यावर जड काही नको. पुण्याच्या मित्राला गच्ची करावीशी वाटत होती. नवऱ्यानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. एक खांब मात्र लाकडाचाच, मणिकुटाजवळचा लाइखुटा. तो उभा करायच्या दिवशी बाकी काम बंद. गामोसा म्हणजे आसामी पंचा गुंडाळलेला, भोवती नाम चाललेलं, भोरताल म्हणजे मोठ्या झांजा इतक्या जोरात की बोलणं ऐकू येत नव्हतं. शेवटी माह-प्रसाद: भिजवलेले चणे-मूग, आलं, खोबरं, केळं. खांब उचलायला हात लावू का, असं मित्रानं विचारलं. कोकांनी त्याच्या हातात दोराचं टोक दिलं.

याच मित्रानं पंढरपूरहून विठ्ठलाची देखणी पितळी मूर्ती आणली होती, नव्या नामघरात बसवायला. विचारलं नव्हतं कोणाला. समितीतले लोक फार गोड बोलतात, नाही म्हणत नाहीत, नुसतं हसून दुसरा विषय काढतात. दोन दिवस त्याला कळेना. मग कोकांनीच त्याला जवळ बसवलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्या सिंहासनावर भागवत असतं, मूर्ती बसत नाही. तुझा देव तू घरी ने, आम्ही इथं त्याचंच नाम घेतो. मी त्यांना म्हटलं, त्याच भागवताचा अकरावा स्कंध आमच्या एकनाथ महाराजांनी मराठीत ओवीबद्ध केला. एकनाथ कधीचे, त्यांनी विचारलं. जन्म १५३३ चा मानतात, म्हटलं. ‘म्हणजे गुरुजन तेव्हा होते’, ते शंकरदेवांबद्दल म्हणाले आणि लगेच पलीकडच्या म्हाताऱ्याला हाक मारून ही गोष्ट त्याला सांगितली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावात झाली होती. आम्हाला हरिपाठ म्हणायला लावला. ‘राम कृष्ण हरि’ला त्यांना भाषांतर लागलं नाही. मूर्ती पुण्याला परत गेली. मित्रानं पत्र्यांना पैसे दिले.

पैसे द्यायची पद्धत अशी: शराईवर, म्हणजे पायाच्या तबकावर, तामूल-पान (सुपारी-पान) ठेवायचं, शेजारी रक्कम, गुडघे टेकून नमस्कार. गूगल पे चालतं, पण समितीला विचारून. संगमरवरी पाटीवर नाव वगैरे डोक्यात असेल तर घरीच ठेवून या.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. मंडपात बसता येतं, बायकांचं दुपारचं नाम तर फार सुंदर असतं. मणिकुटात मात्र नाही. तिथं शरण म्हणजे दीक्षा घेतलेले, न्हाऊन आलेले पुरुषच जातात. पाळीच्या दिवसांत बायका नामघराच्या आवारात येत नाहीत. मला हे पटत नाही आणि मी तसं एका तरुण मुलीशी बोललेसुद्धा. तीही वैतागलेली होती. पण पाहुणी म्हणून मी नियम पाळला. तुम्हाला पाळता येणार नसेल तर आधीच विचार करा. भिंती लिंपायचं काम मात्र पूर्णपणे बायकांचं. बोरूच्या कुडावर माती-शेणाचा लेप, आमच्या कोकणासारखाच. तिथं मला कोणी काही शिकवावं लागलं नाही आणि माझी ‘बाईदेउ’ म्हणजे ताई अशी बढती झाली.

राहणं मिसिंग जमातीच्या एका कुटुंबाच्या चांगघरात, म्हणजे खांबांवर उचललेल्या घरात. बांबूच्या जमिनीतून रात्री खालून गार वारा येतो. अंगावरच्या पांघरुणाइतकंच अंगाखालचं जाडजूड हवं. हातपंपाच्या पाण्याला लोहाची चव. घरोघरी वाळूचे गाळणे असतात, तरी पाणी उकळून प्या किंवा छोटा फिल्टर न्या. डासांसाठी ओडोमॉस. एटीएम कमलाबारी-गरमूरकडे आहेत, पण रोकड जोरहाटातूनच घ्या. जेवण म्हणजे भात, भात आणि भात. न्याहारीला दही-चिवडा-गूळ, म्हणजे आपले दहीपोहेच. मासळीची आंबट टेंगा मला इतकी आवडली की कोकमाचं पाकीट मी तिथंच ठेवून आले. शाकाहाऱ्यांची अडचण नाही, फक्त आधी सांगा. मिसिंग घरात डुकराचं मांस आणि आपोंग नावाची भाताची दारू असते, प्रेमानं पुढे येते. नको असेल तर हात जोडले की पुरे. दारू पिऊन नामघराच्या कामावर जाणं मात्र अजिबात नको.

सुट्टीच्या दुपारी सामागुरी सत्रात मुखवटे बघून या. बांबू, माती, शेण आणि कापडाचे. माजुलीच्या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. सत्रांमध्ये भकतांना स्पर्श करू नका, पाया पडायला धावू नका. लांबून नमस्कार.

कोणाला जायचं असेल तर आधी गावातल्या ओळखीच्या माणसाशी बोला, काय लागणार आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘पत्रे’ असंच येईल, माणसं नव्हे. माणसं जायचीच असतील तर तीन-चारच, त्यात एक गवंडी किंवा वायरमन असेल तर फार बरं. आमच्या नामघराचं छप्पर झालंय, वायरिंग आणि पुढची पडवी राहिली आहे. चैत्राच्या सुमाराला तिथं बरदैशिलाची वादळं सुटतात आणि नुसत्या खिळ्यांवरचा पत्रा टिकत नाही. तेव्हा फेब्रुवारीतच जा, आणि जाताना जोरहाटच्या बाजारातून पत्र्याचे जे-हूक आणि वायसर घेऊन जा. बेटावर ते महाग पडतात आणि हवे त्या मापाचे मिळत नाहीत.