‘मॅडम, बाराशेत बसवून द्या’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, पण विचारणारे तुम्ही एकटे नाही. सांगलीत आहारसल्ल्याचं काम करतेय त्याला आता सतरा वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पिठाच्या गिरणीवर, जिथे कुणी ओळखतं तिथे हाच प्रश्न येतो: वजन उतरवायचंय, तर दिवसाला किती कॅलरी खाऊ? पूर्वी प्रश्न इथेच थांबायचा. हल्ली त्याच्यामागोमाग उत्तरही येतं: ‘मॅडम, बाराशेत बसवून द्या.’ बाराशेच का, असं विचारलं की मोबाइल पुढे करतात.

या बाराशेवर माझा राग आहे, आणि त्याला कारण आहे. ते आधी सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दवाखान्यात होते. तिथे छापील कागद असायचे, हजार कॅलरींचा एक आणि बाराशेचा एक. पेशंटचं वजन बघायचं आणि कागद हातात द्यायचा. एका काकूंना मी हजाराचा दिला. सकाळी साखरेशिवाय चहा, एक फुलका, वाटीभर पातळ वरण, काकडी, रात्री पुन्हा तेच. दोन महिन्यांत सहा किलो उतरले. मी त्यांचं कौतुक केलं. केस गळतात, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असं त्या म्हणाल्या होत्या. ‘होतं सुरुवातीला’ म्हणून मी पुढच्या पेशंटला हाक मारली. नंतर त्या यायच्या बंद झाल्या. वर्षभराने मंडईत भेटल्या. वजन होतं त्याहून वाढलेलं दिसत होतं. मला बघून ओशाळल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचा कागद चांगला होता हो, मलाच नाही जमलं.’ हातात मेथीची जुडी होती, ती त्या उगाच उलटसुलट करत होत्या. त्या वेळी मला काय बोलावं सुचलं नाही. आज सांगते: काकू, कागद चुकीचा होता. तुम्ही नाही.

तर हिशेब. तो प्रत्येकाला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून करता येतो, आणि यावा असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घ्या. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. वजनाला १० ने गुणायचं, ७२० आले. उंचीला ६.२५ ने गुणायचं, ९८७.५ आले. दोन्हींची बेरीज १७०७.५. त्यातून वयाची पाचपट, म्हणजे २१० वजा. बाई असेल तर आणखी १६१ वजा करायचे. पुरुष असेल तर १६१ वजा न करता उलट ५ मिळवायचे. ताईंचा आकडा येतो साधारण १३३६. हे मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० मधलं सूत्र. दिवसभर काहीही न करता नुसतं पडून राहिलं, तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला शरीर एवढ्या कॅलरी खर्च करतंच.

आता बाराशे पुन्हा बघा. या ताईंनी बाराशे खायचे म्हणजे अंथरुणातून न उठता जेवढं लागतं त्याहूनही कमी खायचं, आणि वर साडेनऊला बँकेत हजर व्हायचं. डोळ्यांपुढे अंधारी येईल नाही तर काय होईल? बाराशे हा बहुतेक बायकांसाठी तळ आहे, पुरुषांसाठी पंधराशे. डॉक्टरांची देखरेख नसेल तर त्याखाली जायचं नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तळ म्हणून सांगितलेला आकडा लोकांनी मुक्कामाचा करून टाकला.

पुढची पायरी हालचालीची. आलेल्या आकड्याला बैठं काम असेल तर १.२ ने गुणतात, हलकी हालचाल असेल तर १.३७५ ने, रोज बऱ्यापैकी व्यायाम असेल तर १.५५ ने. इथे जवळजवळ प्रत्येक जण स्वतःला एक पायरी वर धरतो. ‘घरचं सगळं मीच करते’ हे खरं असतं, आणि त्या कष्टांची किंमत मी कमी लेखत नाही. पण ओट्याशी दोन तास उभं राहणं दमवतं जास्त आणि कॅलरी जाळतं कमी. ताईंसाठी मी १.३ धरलं. गुणाकार आला साधारण १७४०. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथे राहील. त्यातून साधारण पाचवा हिस्सा काढायचा, म्हणजे ३४० च्या आसपास कॅलरींची तूट. ताईंचं उत्तर १४०० च्या आसपास.

‘मग आठवड्याला किती उतरेल?’ हा लगेच येणारा प्रश्न. अंगावरच्या किलोभर चरबीत ७७०० च्या आसपास कॅलरी साठलेल्या असतात. रोजची ३४० ची तूट आठवड्याला २३८० होते, म्हणजे ३०० ग्रॅम. ३०० ग्रॅम ऐकून ताईंचा चेहरा पडला होता. पण तीन महिन्यांत ते चार किलोच्या घरात जातं, आणि ७२ चे पाच टक्के होतात ३.६ किलो. वजनाचे पाच टक्के उतरले की रक्तातली साखर आणि रक्तदाब बहुतेकांचे सुधारायला लागतात. साडी कशी दिसते यापेक्षा माझं लक्ष तिथे असतं.

सूत्राबद्दल एक गोष्ट मोकळेपणी सांगायला हवी. ते अमेरिकेतल्या ४९८ माणसांच्या मोजमापांवरून बांधलंय. आपलं शरीर त्याच वजनाला वेगळं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघेही अंगाने सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. स्नायू कमी असले की पडल्यापडल्या होणारा खर्चही कमी. म्हणून सूत्राचा आकडा आपल्याकडे थोडा जास्तच निघतो असा माझा अनुभव आहे. तो सुरुवातीला धरायचा अंदाज आहे, पुढे काय ते तुमचा वजनकाटा सांगतो. आणि काट्याच्या जोडीला टेप हवी: कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या, पुरुषांची ९० च्या वर असेल, तर वजन बेताचं असूनही काळजी घ्यायला हवी.

आकडा कळला, आता तो ताटात कुठे असतो ते बघू. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

कुणी आलं की मी आधी जेवणाबद्दल विचारत नाही. विचारते, ‘महिन्याला तेल किती लागतं?’ ताई म्हणाल्या, ‘पाच लिटरचा डबा.’ घरात माणसं चार. पाच लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलो, आणि दर ग्रॅमला ९ कॅलरी. चार माणसं आणि तीस दिवस यांनी भागा: माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी निव्वळ तेलाच्या. ताईंना जी तूट हवी होती नेमकी तेवढ्याच. सगळं तेल बंद करायचं नाही, अर्थातच. पण तीन लिटरवर आलं तर माणशी २०५ उरतात, आणि रोजच्या १३५ कॅलरी कुणाचाही घास न काढता गेलेल्या असतात.

ताईंच्या आग्रहावरून मी एकदा त्यांच्या घरी गेले. स्वयंपाक सासूबाई करतात. फ्लॉवरची भाजी टाकायची होती. मी रिकामी कढई डिजिटल काट्यावर ठेवली आणि म्हटलं, ‘आजी, नेहमीसारखंच ओता.’ त्यांनी तेलाचं भांडं तिरकं केलं, नजरेनं मापलं, थांबवलं. काट्यावर ४२ ग्रॅम. आजी काट्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मी तर दोन चमचेच म्हणते सगळ्यांना.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चमचा मनातला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून चहाच्या चमच्याने मोजून चार चमचे घातले, २० ग्रॅमच्या आत. फोन करून निकाल सांगितला: ‘कांदा मंद आचेवर जास्त वेळ परतावा लागतो. बाकी भाजी तीच.’

मनातला चमचा प्रत्येक घरात असतो. शेंगदाण्याच्या कुटाचा असतो. भाजीत ‘थोडंसं’ कूट म्हणजे सहज शंभर कॅलरी. भडंगाचा असतो. चुरमुरे हलके म्हणून आपण वाडगाभर घेतो, पण त्यांना लागलेलं तेल आणि शेंगदाणे हलके नसतात. पोळी घ्या. ३० ग्रॅम कोरड्या कणकेची पोळी १०५ कॅलरींच्या आसपास. घडीत तेल, वरून तूप, की दीडशे. ‘दोनच पोळ्या खाते’ म्हणणाऱ्या दोघींच्या पोळ्यांत शंभर कॅलरींचा फरक पडतो तो इथे. आणि उपवास! ६० ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा मिळून एक बशी खिचडी पावणेपाचशेच्या घरात जाते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, त्यांना कॅलरी हा शब्दही माहीत नव्हता.

कमी करायला सांगताना मी एका गोष्टीला मात्र हात लावू देत नाही: प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहेत, ७२ किलोला ६०. वजन उतरवताना एवढी तरी हवीतच, नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्या घरांत वरण इतकं पातळ असतं की वाटीभर वरणात डाळ शोधावी लागते. मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही, पनीर, चालत असतील तर अंडी. यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत दिसलंच पाहिजे. भाकरी सोडा असं मी कुणाला सांगत नाही. भाकरी सोडून चार वाजता फरसाणाचा डबा उघडणारी माणसं मी खूप पाहिली.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर रडू नका. लोणचं, पापड, पाळीचे दिवस, रात्रीचं जागरण, कशानेही किलोभर पाणी अंगात अडकतं. चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी चमचे मोजा. तरीही हलली नाही तरच आकडा शंभराने खाली आणा, तोही तळ सांभाळून. उलट आठवड्याला किलोहून जास्त उतरत राहिलं, थकवा आला, पाळी चुकायला लागली, केस गळायला लागले, तर खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. मी एकदा न ऐकलेली तक्रार होती ती.

काही जणांनी हा हिशेब एकट्याने करूच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि ज्यांचा पूर्वी जेवणाशीच झगडा झालेला आहे, म्हणजे उपाशी राहण्याचा किंवा ताबा सुटून खाण्याचा आजार, ते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर औषधाचा डोस तोच ठेवून जेवण कमी केलं की साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टर, मग कागद-पेन्सिल.

ताई आता ६६ किलोवर आहेत. वेळ अंदाजापेक्षा जास्त लागला. मध्ये दिवाळी आली, भाचीचं लग्न आलं, दोन महिने वजन आहे तिथेच राहिलं आणि तेही चाललं. परवा आम्ही नवा हिशेब मांडला. ६६ किलोला पडल्यापडल्याचा आकडा १२७६, हालचालीसकट १६६० च्या जवळ. म्हणजे तेच १४०० खाऊन तूट आता ३४० वरून २६० वर आली. काटा हळू का झाला, ते त्यांना कागदावर दिसलं. ‘मग अजून कमी खाऊ?’ त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. बँकेतून घरी येताना रिक्षा सोडून वीस-पंचवीस मिनिटं चालत या, बाकी आहे तसंच राहू दे.

तुम्ही मला भेटायला येणार असाल, तर वय, उंची, वजन लिहून आणाच. आणि तेलाचा डबा फोडाल त्या दिवशी झाकणावर पेनाने तारीख टाका.