अडल्या जागी

सोमवार, रात्री

दिवसभर सूची तपासली. एका जाडजूड चरित्राची व्यक्तिसूची, म्हणजे नाव आणि पान, नाव आणि पान, ओळीमागून ओळ. मुद्रितशोधनात याच्याइतकं रूक्ष काम दुसरं नाही. वाहत्या मजकुरात निदान गोष्ट पुढे सरकत असते. सूचीत फक्त 'ग' संपतो आणि 'घ' लागतो.

असलं काम करताना हात फोनकडे जाणारच, हे मी गृहीतच धरलेलं. आज मुद्दाम लक्ष ठेवलं की तो नेमका जातो कधी. मला वाटायचं, थकल्यावर जात असेल, नाहीतर कंटाळल्यावर. तसं निघालं नाही. पानंच्या पानं सरळ जात असतात तेव्हा फोनची आठवणही होत नाही. कंटाळा असतोच, पण तो निवांत असतो, त्याचा त्रास नसतो. हात उठतो तो काहीतरी अडलं की. एक आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापलंय, एकीकडे ऱ्हस्व, एकीकडे दीर्घ. बरोबर कुठलं? मूळ प्रत काढायची, पान शोधायचं, तिथेही तोच घोळ असला तर लेखकाला विचारायचं. एवढं सगळं मनात उभं राहतं ना राहतं तोच डावा हात फोनवर. उजव्या हातात पेन्सिल तशीच, ओळीखाली पट्टी तशीच, आणि डोळे मात्र कुणाच्या तरी सहलीचे फोटो बघतायत.

गंमत म्हणजे फोनने बोलावलेलं नसतं. त्याचे आवाज मी केव्हाच बंद केलेत. पुढची पायरी दिसत नसते, आणि ती दिसेपर्यंतचं अर्धं-एक मिनिट काढवत नाही, एवढंच. पूर्वीही ते मिनिट असायचंच. तेव्हा आम्ही पेन्सिल चावायचो, डोकं खाजवायचो, खिडकीबाहेर बघायचो. पण त्या वेळात मन अडलेल्या नावाच्या आसपासच घुटमळायचं आणि पुष्कळदा उत्तर तिथेच सापडायचं. आता ते थेट परगावी निघून जातं.

मंगळवार

कालचंच डोक्यात आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं हेच मोजतायत की माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतो. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं भरली होती, २०१२ च्या सुमाराला सव्वा मिनिट, आणि अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. हे आकडे जो तो सांगतो, बहुधा 'बघा, काय दिवस आलेत' अशा सुरात. त्यांचंच दुसरं निरीक्षण मात्र मागे पडतं: कामात जितका व्यत्यय बाहेरून येतो, जवळजवळ तितकाच माणूस आपण होऊन आणतो. कुणी हाक मारलेली नसते, तरी आपण 'ओ' देतो. बाहेरचे आवाज बंद करूनही माझं फारसं काही का सुधारलं नाही, याचं उत्तर यात असावं.

आणि परत आल्यावरही आपण पुरते आलेलो नसतो. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर लिहिलं. अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश मनात मागे राहतो आणि नव्या कामाच्या वाट्याला उरलेलंच लक्ष येतं. सूचीच्या बाबतीत तर हे अगदी खरं आहे. सहलीचे फोटो बघून परतल्यावर पुढच्या चार-पाच नोंदी मी नुसत्या डोळ्यांखालून घालते, तपासत नाही. त्या पुन्हा वाचाव्या लागतात.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये लिहून ठेवलंय की भटकलेलं लक्ष पुन्हा पुन्हा माघारी आणता येणं हे विवेकाचं आणि स्वभावाचं मूळ आहे, आणि हे शिकवील ते शिक्षण सर्वांत उत्तम. पुढे तो असंही म्हणतो की हे ध्येय सांगणं सोपं, ते गाठायचं कसं हे सांगणं अवघड. म्हणजे फोन नव्हते तेव्हाही लक्ष भटकतच होतं. या एका गोष्टीने मला आज बरंच हलकं वाटलं.

गुरुवार

धाकटीचा फोन. मी उत्साहाने सांगत होते की आता कामाच्या वेळी फोन आतल्या खोलीत ठेवते. ती म्हणाली, "ताई, तुझं बरं आहे गं. तुझी मुद्रितं उद्यापर्यंत थांबतात. मी फोन आत ठेवून बसले आणि तेवढ्यात ड्यूटी बदलली तर? आमच्याकडे सगळं त्या ग्रुपवरच येतं. रात्री अकरालासुद्धा."

मी म्हटलं, "मग अकरानंतर तरी?"

"तेव्हाच तर बदलते."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फोन ठेवल्यावर तो लहान मुलांचा प्रयोग आठवला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या आसपास स्टॅनफर्डला केलेला. मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात चमकतात, ही त्यातली लोकांना आवडलेली गोष्ट. २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येने मुलं घेऊन हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फार पातळ झाला.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम, २०१३ मध्ये छापून आलेलं. त्यांनी मुलांना आधी चित्रं काढायला बसवलं. साधे, वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थांब, छान नवे आणते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. उरलेल्यांपाशी बाई हात हलवत आल्या, नाहीत म्हणाल्या, असलेलेच वापर. असं दोनदा झालं, मग गोड पदार्थाची पाळी. ज्यांना शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं टिकलेली पहिल्या गटात चौदापैकी नऊ होती, दुसऱ्यात चौदापैकी एक.

तीन मिनिटांत खाऊन टाकणाऱ्या त्या मुलांना अधीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शहाणी होती ती. या माणसाच्या 'थांब'ला काही अर्थ नाही, एवढं त्यांना दोन अनुभवांत कळलं. धाकटी दर पाच मिनिटांनी पडदा उजळून बघते ते याच जातीचं. तिचा दिवस कधीही, कुणीही उलटापालटा करू शकतं. अशा माणसाला 'श्वासावर लक्ष दे' सांगणं मला उर्मटपणाचं वाटतं. संयम ही आपली कमाई आहे असं समजून मिरवणाऱ्यांनी (त्यात मीही आले) आपल्याला थांबणं परवडतं का, आणि कुणामुळे परवडतं, हे एकदा बघावं. ड्यूटीचा तक्ता दोन दिवस आधी लागला आणि तो पाळला गेला, तर धाकटीचं मन माझ्याहून लवकर स्थिर होईल, याबद्दल मला शंका नाही.

शुक्रवार

मनःशांतीचं एक ॲप पूर्वी कधीतरी उतरवून घेतलं होतं. आज त्यानेच मला आठवण केली की बरेच दिवसांत तुम्ही शांत बसला नाहीत. काढून टाकलं.

रविवार

हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एक विचित्र काम देतात. एकाच चित्रासमोर जाऊन तीन तास बसायचं. फोन, पुस्तक काही नाही, फक्त दिसेल ते टिपत जायचं. आधी त्या स्वतः बसल्या, चित्रकार कॉपलीने १७६५ मध्ये रंगवलेल्या एका चित्रासमोर. त्यात एक मुलगा आहे, टेबलावर पाण्याचा पेला आणि सोनेरी साखळीला बांधलेली पाळीव खार. मुलाच्या कानाची वळणं आणि खारीच्या पोटावरच्या लोकरीची कड सारखीच आहे, हे त्यांना दिसलं नवव्या मिनिटाला. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर आणि पेल्याच्या तोंडाची रुंदी नेमकी तेवढीच, हे एकविसाव्या मिनिटाला. मागच्या पडद्याच्या चुण्यांतही त्याच कानाचे आकार आहेत, हे कळायला तर पाऊण तास गेला. कलेच्या अभ्यासात मुरलेल्या बाईला एवढा वेळ लागतो! चित्र समोर आहे म्हणजे ते दिसलं, असं नाही.

तीन तास मला झेपणार नव्हते. एक जुना घरचा गट-फोटो काढला आणि त्याच्यासमोर बसले. घड्याळ पाठीमागे ठेवलं.

पहिली काही मिनिटं वाईट गेली. ही कोण, तो कोण, सगळी ओळखून झाली आणि बघण्यासारखं काही उरलंच नाही. पाठीला रग लागली. सूचीतली एक नोंद राहिल्यासारखी वाटली. उठून ती बघून यावी, इतकं ते निकडीचं वाटत होतं. (नंतर पाहिलं, ती झालेली होती.) व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०१४ चा तो प्रयोग आठवला. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं आपल्या विचारांसोबत बसायला सांगितलं होतं. करमणुकीला एकच बटण, दाबलं की विजेचा झटका. आधी हेच लोक म्हणाले होते की हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू. तरी अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी तो स्वतःला देऊन घेतला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. आज मात्र बटण असतं तर मी दाबलं असतं का, याची खात्री देता येईना.

मग ती तगमग आपोआप बसली. मी काही केलं नाही. श्वास मोजले नाहीत, मनाला दटावलं नाही. ती चढत गेली, एका जागी टेकली आणि उतरली. त्यानंतर फोटो दिसायला लागला. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्याचा एक खांदा किंचित पुढे आलाय, कारण तिने पुढे बसलेल्या मुलाची कॉलर मागून मुठीत धरलीय. ती मूठ मी आजवर पाहिलीच नव्हती, कॉलरचाच भाग समजत होते. मुलगा पळायच्या बेतात असणार. त्याचा एक पाय पुसट आलाय आणि फोटोतला तेवढाच भाग पुसट आहे. आणि आत्या सरळ कॅमेऱ्याकडे बघून अशी हसतेय की जसं काही तिच्या हातात काहीच नाही.

आता हा फोटो माझ्यासाठी पूर्णपणे तिचा झालाय.

तगमग ओसरते, हे यातलं मला सगळ्यांत कामाचं वाटलं. शांत व्हायचं म्हणजे मन आधी आवरायचं आणि मग बसायचं, असा माझा समज होता, आणि आवरता येत नाही म्हणून बसणंच होत नसे. क्रम उलटा असावा. बसायचं, अस्वस्थ व्हायचं, उठायचं नाही.

सोमवार

फोन अजून आतल्या खोलीतच. तो असा लांब ठेवण्याच्या बाजूनेही एक प्रयोग सांगतात, टेक्सास विद्यापीठाचा, २०१७ चा: फोन नुसता टेबलावर असला, बंद असला, तरी डोकं कमी चालतं. पुढे इतरांनी तसंच करून पाहिलं तेव्हा निकाल तेवढा ठाम आला नाही. माझं कारण साधं आहे. आत जायला उठावं लागतं आणि उठेपर्यंत बहुतेक वेळा लहर गेलेली असते. शिवाय अडलेल्या नोंदीपुढे आता मी पेन्सिलीने बारीक टिंब करते आणि पुढे जाते. शंभर नोंदी झाल्या की टिंबांकडे परत यायचं. त्यातली निम्मी तोवर आपोआप सुटलेली असतात, कारण तेच नाव पुढे कुठेतरी पुन्हा भेटतं.

टिंबांवरून ऑस्ट्रेलियातल्या डांबराची आठवण झाली. ब्रिस्बेनला क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये तापवलेलं डांबर काचेच्या नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. हातोडीने फोडलं तर ठिकऱ्या उडतात असा हा पदार्थ मुळात द्रव आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. पहिला थेंब पडायला आठ वर्षं लागली. १९६१ पासून जॉन मेनस्टोन यांनी ते सांभाळलं. १९७९ चा थेंब शनिवार-रविवारच्या सुट्टीत पडून गेला. १९८८ मध्ये ते राखण करत होते, काहीतरी प्यायला म्हणून काही मिनिटं बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावलेला होता, तो नेमका बंद पडला. मेनस्टोन २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेले. पुढचा, नववा थेंब सुटला एप्रिल २०१४ मध्ये.

ही गोष्ट लोक हळहळून सांगतात. मला तितकी हळहळ वाटत नाही. मेनस्टोन बावन्न वर्षं नरसाळ्यासमोर बसून नव्हते. शिकवत होते, विभागाची कामं बघत होते. डांबर त्याच्या गतीने खाली येत होतं आणि ते त्याला येऊ देत होते. उष्णता देऊन थेंब लवकर पाडता आला असता, पण मग त्या प्रयोगाला काही अर्थच उरला नसता.

दहावा थेंब तयार होतोय. कॅमेऱ्याचं थेट चित्र कुणालाही बघता येतं. दुपारी काम संपल्यावर मी उघडून बसले. काही होत नाही त्यात. धाकटीला दुवा पाठवला.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "ताई, चित्र अडकलंय वाटतं."

मी कळवलं, "नाही गं, चालू आहे."

रात्री पावणेबाराला पुन्हा: "अजून बघतेय. ड्यूटी बदलली, उद्या सकाळची नाही. झोप येत नव्हती, म्हटलं बघू पडतो का."