उमेदवार नसलेल्या माणसाची नोंद

जिल्हा चरित्रकोशासाठी आलेल्या एका नोंदीत वाक्य होतं : '१९६७च्या लोकसभा निवडणुकीत सिंधुदुर्ग जिल्ह्याचे संघटक म्हणून त्यांनी पक्षाला घवघवीत यश मिळवून दिले.' सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. तोवर सावंतवाडीपासून मंडणगडापर्यंत सगळा रत्नागिरी जिल्हाच. राजापूर मतदारसंघातून त्या वर्षी बॅ. नाथ पै निवडून आले हे खरं, पण ते १९५७पासून सलग तिसऱ्यांदा. त्या यशातला एका कार्यकर्त्याचा वाटा कोण, कसा मोजणार? मजकूर पक्षाच्या स्मरणिकेतून जसाच्या तसा उचललेला होता.

मी तसं कळवल्यावर त्या कार्यकर्त्याची मुलगी देवगडहून एसटीनं थेट कार्यालयात आली. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, माझो बापूस कधी निवडणुकेक उभो रवलो नाय, म्हणान तेचा नाव खंयच नाय. तुमीपण काडतालास?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. उमेदवाराचं नाव, पक्ष, मतं निवडणूक आयोगाच्या निकालांत सापडतात, पडलेल्याचीसुद्धा. त्याच्यासाठी राबलेल्या माणसाची तिथं ओळही नसते. म्हणून अशी नोंद गाळायची नाही, उलट तिच्यासाठी जास्त शोधायचं, असं माझं ठाम मत आहे.

तिच्या पिशवीत वडिलांची दौऱ्याची वही होती. मिठबाव, कुणकेश्वर, जामसंडे. कुठे एसटी, कुठे होडी, बाकी पायी. मुक्काम कुणाच्या पडवीत, जेवण कुणाकडे, सभेला माणसं किती, सगळं पेन्सिलीनं टिपलेलं. 'झंझावाती दौरे' या स्मरणिकेतल्या शब्दांपेक्षा मला ती पानं कितीतरी मोठी वाटली. पण वही त्यांचीच, म्हणून 'स्वतःच्या वहीतील नोंदीनुसार' असंच लिहायचं ठरलं. मग वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढल्या. एका सभेच्या बातमीत प्रास्ताविक करणारे म्हणून त्यांचं नाव मिळालं. चार ओळींची बातमी, पण पक्षाबाहेरची.

त्याच फायलींत, नंतरच्या वर्षांत, त्यांनी पक्ष सोडल्याची बातमीही होती, दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत. "ह्या नको," मुलगी म्हणाली. मी ती ठेवली. तारीख, जुना पक्ष, नवा पक्ष, बस्स. 'गद्दारी' नाही आणि 'दूरदृष्टीचा निर्णय'ही नाही. दुपारी विरुद्ध गटातल्या एका जुन्या कार्यकर्त्याचा फोन आला : पक्षांतरात पैसे घेतले, तेही छापा. छापील पुरावा मागितला. "सगळ्यांना माहीत आहे," एवढंच उत्तर. ते वाक्य नोंदीत गेलं नाही.

संध्याकाळी मी तिला नवा मसुदा वाचून दाखवला. जिल्हा रत्नागिरी केला होता, 'घवघवीत यश' काढलं होतं, गावांची नावं आली होती. पक्षांतराच्या ओळीवर ती गप्प राहिली. मग वहीतल्या एका गावाचं नाव मी चुकीचं वाचलं होतं, ते तिनं दुरुस्त करून दिलं. संघटकपद नेमकं कोणत्या वर्षी मिळालं, ते स्मरणिकेशिवाय कुठेच सापडलेलं नाही. तिथं 'पक्षाच्या स्मरणिकेनुसार' असं लिहिलं आहे आणि उरलेल्या फायली चाळणं चालू आहे.