वजनाची वही

मंगळवार, रात्री साडेदहा

आज अण्णांचं वजन ४८ किलो ४००. गेल्या मंगळवारी ४८ किलो १०० होतं. तीनशे ग्रॅम वाढले. आईला वही दाखवली, तर तिने उठून देवापुढे साखर ठेवली.

दिवाळीत अण्णा ५९ किलोचे होते. भाकरीचा घास तेव्हाच छातीत अडकायला लागला होता, पण बोलले नाहीत. वर पाणी प्यायचे आणि पुढचा घास घ्यायचे. मग भाकरी दुधात कुस्करून, मग मऊ भात, मग नुसती पेज. अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतेकदा असाच कळतो: आधी घट्ट अन्न अडतं, मग मऊ, शेवटी पातळही. तोवर आतली वाट फार अरुंद झालेली असते. आम्ही पित्त समजत राहिलो. तीस वर्षं तंबाखूची चंची त्यांच्या कमरेला होती, तरी आमच्या मनात आलं नाही.

निदान झालं आणि शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडून चूक झाली, ती मुद्दाम लिहून ठेवते. घशाखाली उतरतंय ना, मग द्यायचं, एवढंच मला कळत होतं. सकाळी तांदळाची पेज, मग मोसंबीचा रस, दुपारी डाळीचं वरचं पाणी, संध्याकाळी शहाळं. दिवसभर ग्लास भरत होते, पोट भरल्यासारखं वाटत होतं आणि वजन मात्र आठवड्याला दीड किलोने उतरत होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी माझी यादी वाचली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यांना पाणी पाजताय." पातळ पेजेच्या वाटीत जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं. त्यांना दिवसाला हवीत साठ-सत्तर ग्रॅम आणि पंधराशेच्या आसपास कॅलरी. मी बाहेर बाकावर बसून रडले. दिवसभर राबत होते आणि माझं माणूस उपाशी होतं.

आता नाकातून नळी आहे. नळी म्हटल्यावर अण्णांनी तोंड फिरवलं होतं, त्यांना वाटलं आता संपलं. शेकाने अन्ननलिका आतून सोलवटते, तिसऱ्या आठवड्यात थुंकी गिळतानाही आग होते, तेव्हा ही नळीच त्यांना उपचारात टिकवणार आहे, हे डॉक्टरांनी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं. वजन फार घसरलं तर केमो पुढे ढकलावी लागते, हेही सांगितलं. मग तयार झाले. पहिले तीन दिवस अगदी थोडं थोडं द्यायला लावलं आणि रोज रक्त तपासलं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, तर रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस झपकन खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मला तर पहिल्या दिवशीच सगळं भरून काढायचं होतं.

आजचं लिहिते. दर अडीच तासांनी २०० मिली, सात वेळा. दूध आणि त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर. मुगाची डाळ गाळ होईपर्यंत शिजवून, मिक्सरमधून काढून, त्यात चमचाभर साजूक तूप. नाचणीचं सत्त्व दुधात. दोनदा दवाखान्याने लिहून दिलेली प्रोटीन पावडर. सगळं मलमलीतून दोनदा गाळायचं, कारण एक कण अडकला की नळी तुंबते. देण्याआधी आणि दिल्यावर कोमट पाणी सोडायचं. नाकाशी नळीवर जी खूण आहे ती जागेवर आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचं. अण्णा बसलेले हवेत, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. सिरिंज दाबायची नाही, उंच धरायची, आपोआप उतरतं. खोकला आला की लगेच थांबायचं.

मामांचा परत फोन. साखर बंद करा, दूध बंद करा, कॅन्सर त्याच्यावर पोसतो म्हणे. मामा जीव तोडून सांगतात, म्हणून ऐकून घेते. पण साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस वाळतो. अण्णांना मधुमेह नाही. मी दुधात साखर घालते, मोजून आणि मन घट्ट करून.

आईने पंधरा दिवस घरात भाकरी केली नव्हती. त्यांच्या नाकात वास जाईल, जीव तळमळेल, म्हणून आम्ही दोघी भातावर भागवत होतो. आज दुपारी अण्णा म्हणाले, "चूल पेटली नाही असं वाटतंय घरात. भाकरी करत जा." आईने ज्वारीच्या दोन भाकऱ्या थापल्या. ते दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मग मला म्हणाले, "पोरी, माझ्या त्या डाळीत मीठ घातलंस का?"

नळीतून जाणाऱ्या अन्नाला त्यांच्या जिभेवर चव नाही. तरी मी सांगितलं, "घातलंय अण्णा. हळद पण घातलीय, आणि तूप आपल्या म्हशीचं आहे."

"मग ठीक."

तोंडाने दोन-दोन चमचे कोमट पाणी घ्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, गिळायची सवय मोडू नये म्हणून. आज सहा चमचे घेतले. ठसका लागला नाही. मीठ-सोड्याच्या पाण्याने चार वेळा गुळण्या झाल्या. संडास साफ. शेक अकरावा झाला, चौदा राहिले.

शेवटचे २०० मिली साडेनऊला दिले. आता सव्वादहाही उलटून गेले, म्हणून उशा काढून त्यांना थोडं खाली केलंय, डोकं उंचच आहे. उद्याचा गजर साडेपाचचा लावते. मूग भिजत घातलेत.